बाईंच्या गाडीचं डावं चाक

आमचं गॅरेज पुढे आणि घर मागे, मध्ये एक पत्र्याचं दार. ते दार दिवसभर उघडंच असायचं, त्यामुळे मायच्या स्वयंपाकाला डिझेलचा वास आणि बाबांच्या कामाला फोडणीचा वास कायम चिकटलेला. मलकापूरच्या बाहेर, हायवेला लागून होतं ते. एका बाजूनं रेल्वे, दुसऱ्या बाजूनं ट्रक, आणि या दोन आवाजांच्या मधोमध आम्ही तिघं. कापसाच्या दिवसांत जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांतून कापूस उडायचा आणि आमच्या ग्रीस लागलेल्या सगळ्या वस्तूंना पांढरी लव फुटायची. माय चुलीपुढून न उठता सांगायची, हा अमक्याचा ट्रक आला, याचं सायलेन्सर फुटलं. कधी चुकायची नाही. दुपारी बाबा लाकडाच्या भुशानं आणि रॉकेलनं हात चोळचोळून धुवायचे, तरी नखांची काळी कड जायची नाही. त्याच हातांनी ते गरम बट्ट्या फोडायचे, वरण ओतायचे आणि वर तुपाची धार मागायचे. मला ते हात फार आवडायचे. पुढे एक काळ असा आला की आवडेनासे झाले. त्या काळाबद्दलच लिहायचं आहे. आजवर ते टाळत आले.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. पण गाडीच्या पुढच्या कामात, म्हणजे स्टिअरिंग, चाकं आणि चाकांना धरून ठेवणारे सांधे यांत, त्यांच्यासारखा माणूस खामगावपासून भुसावळपर्यंत नाही, असं ड्रायव्हर लोकच म्हणायचे. गाडी आली की बाबा आधी काही बोलायचे नाहीत. ड्रायव्हरला ती हळू चालवायला लावायचे आणि स्वतः बाजूनं चालायचे, मान खाली घालून, पाहुण्याला वेशीपर्यंत सोडायला निघाल्यासारखे. मग मडगार्डखाली हात घालून एका सांध्यावर बोटं ठेवायची आणि दुसऱ्याला गाडी वरखाली दाबायला सांगायची. तो दुसरा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मी. मी त्यांची एकुलती एक. मुलीला गॅरेजात कशाला येऊ देता म्हणून लोक विचारायचे, तेव्हा बाबा म्हणायचे, तिले आवडते. एवढंच उत्तर. बॉल जॉइंट म्हणजे काय, हे त्यांनी मला माझ्याच खुब्याला हात लावून शिकवलं होतं. माणसाच्या खुब्यात जशी हाडाची गोटी वाटीत फिरते, तशी चाकाजवळ लोखंडाची गोटी लोखंडाच्या वाटीत फिरते. म्हणून चाक वळतंही आणि वरखालीही होतं. वाटी झिजली की गोटी खेळायला लागते. आणि एक दिवस गोटी वाटीतून बाहेर येते.

डॉक्टर कुमुदबाईंचा दवाखाना स्टेशनच्या बाजूला होता. माझा जन्म त्यांच्याच हातचा. आमच्या वस्तीतल्या निम्म्या पोरांचा त्यांच्याच हातचा, त्यामुळे त्याचं कुणाला विशेष वाटायचं नाही. त्यांचे यजमान लवकर गेले, आणि मागे त्यांची एक जुनी विलायती गाडी राहिली. दोन माणसांची, बसकी, उघडी, लांब नाकाची, विटकरी लाल रंगाची. यजमानांना तिचं वेड होतं. ते गेल्यावर बाई ती काढून टाकतील असं सगळ्यांनी धरलं होतं. पण बाई ती चालवायला शिकल्या. नऊवारी नेसणाऱ्या बायकांना तपासून झालं की रविवारी सकाळी बाई डोक्याला रुमाल बांधून हायवेनं निघायच्या, आणि ट्रकवाले त्यांना वाट द्यायचे. त्या गाडीला बाबांशिवाय कुणी हात लावलेला बाईंना चालायचा नाही. मी दहावी झाले तेव्हा बाईच आमच्याकडे आल्या, बाबांच्या लोखंडी खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या की हिला मोटारींचंच शिकू द्या, पण नीट शिकू द्या, पुण्याला पाठवा. राहायची सोयही त्यांनीच लावून दिली.

पुण्यात माझ्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो. मी पहिल्या दिवशी सरांना "मले समजलं नाही" म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. सरही हसले. वाईट मनानं नसतील हसले, पण त्या दिवसापासून मी बोलण्याआधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन घ्यायला लागले. वर्षभरात माझं "मले-तुले" गेलं. दुसऱ्या वर्षी बाबा मला भेटायला आले, डब्यात मायनं केलेले कढी-गोळे घेऊन. माझ्या मैत्रिणींसमोर ते म्हणाले, "काऊन बेटा, वाळून राह्यली तू?" आणि मी मैत्रिणींकडे पाहून कसनुसं हसले. त्या हसण्याचा अर्थ होता, हे असेच आहेत, मनावर घेऊ नका. बाबांना तो अर्थ कळला. त्यानंतर त्या भेटीत ते फारसे बोललेच नाहीत. डबा मात्र धुऊन परत मागितला, मायनं बजावलं होतं म्हणून. आज हे लिहितानाही मला उठून पाणी प्यावं लागलं.

शिक्षण संपवून मी घरी आले तेव्हा आश्विन जवळ आला होता. पुण्याच्या एका मोठ्या कारखान्यात तपासणी विभागात जागा होती, आणि तिथल्या एका साहेबांना बाईंनी माझ्यासाठी पत्र लिहायचं कबूल केलं होतं. ते पत्र द्यायला आणि गाडी दाखवायला बाई एका सकाळी आल्या. दोन दिवसांनी त्यांना देऊळगाव राजाला जायचं होतं. तिथं त्यांचं माहेर, आणि बालाजीच्या यात्रेला त्या दरवर्षी स्वतः गाडी चालवत जायच्या. त्यांनी सांगितलं की रेल्वेचं फाटक ओलांडताना डाव्या बाजूनं खट् असा आवाज येतो, आणि सरळ रस्त्यावर गाडी आपल्या मनानं थोडी इकडेतिकडे जाते, सारखी सावरावी लागते. बाबांनी नेहमीसारखी गाडी हळू चालवायला लावली, बाजूनं चालले. मग मडगार्डखाली हात घातला. मी गाडी दाबली. बाबा बराच वेळ उकिडवे बसून राहिले. मग टायरची आतली कड बोटानं चाचपली, ती बाहेरच्या कडेपेक्षा जास्त झिजलेली होती. उठून ते म्हणाले की डावीकडचा खालचा बॉल जॉइंट गेल्यासारखा वाटतो.

"वाटतो" हा शब्द मी पकडला. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, मायनं दिलेला चहा घेत होत्या, आणि माझ्याकडे पाहत होत्या. मला दाखवायचं होतं की मी काय शिकून आले. मी म्हणाले, नुसतं वाटून चालत नाही, मोजून पाहायला पाहिजे. मी जॅक आणला आणि गाडीच्या फ्रेमखाली लावला. चाक जमिनीवरून उचललं, खाली आधाराला लोखंडी घोडी लावली, आणि चाक वरून आणि खालून दोन हातांनी धरून हलवून पाहिलं. सांधा झिजलेला असला की चाक अशा वेळी हातात डुगडुगतं. ते जरासुद्धा हललं नाही. बाबा मागून हळूच म्हणाले, "बेटा, जॅक खालच्या आर्माखाली लाव ना. तवा समजन."

आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा लोखंडी हात. त्याच्याच टोकाला तो सांधा असतो. मी वळले. बाबांचा बनियन, खांद्यावरचं तेलकट फडकं, आणि ते "तवा समजन". मी बाईंना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाबा, पुस्तकात फ्रेमखालीच लावायला सांगितलंय. अंदाजानं काम करायचे दिवस गेले आता."

बाबा खांद्यावरचं फडकं काढून हात पुसायला लागले, जे पुसण्यात काही अर्थ नव्हता.

पुस्तक खोटं नव्हतं. हे मला पुढे आयुष्यभर शिकवावं लागलं, म्हणून इथं सांगते. मी शिकले त्या नव्या छोट्या गाड्यांत स्प्रिंग वर, चाकाच्या डोक्यावरच्या नळकांड्यात असते. तिथं गाडी फ्रेमखालून उचलली तरी सांधा मोकळा होतो आणि त्याचा खेळ हाताला कळतो. बाईंच्या जुन्या गाडीत स्प्रिंग खालच्या आर्मावर बसलेली होती. अशी गाडी फ्रेमखालून उचलली की ती स्प्रिंग आर्माला खाली रेटून धरते, आणि झिजलेला सांधाही त्या जोरानं घट्ट आवळून बसतो. सगळं ठीक आहे असं वाटतं. जॅक आर्माखालीच लावायचा, म्हणजे स्प्रिंगचा जोर जॅक घेतो, सांधा मोकळा होतो आणि चाकाखाली टॉमी, म्हणजे लांब सळई, घालून उचकलं की गोटी वाटीत उडताना दिसते. बाबांना हे कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. मलाही ते गाडीखाली वाकून एकदा पाहिलं असतं तरी दिसलं असतं. स्प्रिंग समोर होती. मी पाहिलीच नाही. नोकरीत असताना शिकाऊ मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारायचे, स्प्रिंग कुठं बसली आहे? मुलं म्हणायची, मॅडमचा हा लाडका प्रश्न आहे. तो का लाडका आहे हे मी एकालाही सांगितलं नाही.

मी बाईंना सांगितलं की बॉल जॉइंट उत्तम आहे. आवाज बुशचा, म्हणजे आर्माच्या मुळाशी बसणाऱ्या रबरी कड्याचा असणार. आणि खरंच एक बुश वाळून तडकला होता, तो मी बदलला. टायर आतून झिजला तो चाकांची दिशा बिघडल्यामुळे असं म्हणून दिशा नीट केली. सगळीकडे ग्रीस भरलं. फाटकापर्यंत चालवून आणली, तर आवाज बराच कमी झाला होता. नव्या ग्रीसनं थोडे दिवस तो कमी होतोच. बाई खूश झाल्या. त्यांनी पर्समधून पत्र काढून माझ्या हातात दिलं. त्या गाडीत बसत होत्या तेव्हा बाबा पुढे झाले. म्हणाले की बाई, यात्रेला यंदा एसटीनं जा, गाडी चार दिवस माझ्याकडे राहू द्या, मी एकदा खोलून पाहतो. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काय गं शोभा, असं त्यांनी नुसत्या भुवयांनी विचारलं.

"गरज नाही बाई," मी म्हणाले. "मी तपासलंय."

हे चार-पाच शब्द मी नंतर किती वेळा ऐकले असतील, स्वतःच्याच आवाजात. बाबांनी गाडीच्या दारावरचा हात काढून घेतला. बाई गेल्या. त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो तर मायनं वांग्याचं भरीत केलं होतं, मला आवडतं म्हणून भरपूर हिरवी मिरची घालून. बाबा एक भाकरी खाऊन उठले. मी त्यांना सस्पेंशनबद्दल काहीतरी समजावून सांगत होते. ते "हाव, हाव" म्हणत होते.

दोन दिवसांनी सकाळी दहाच्या सुमारास बुलढाण्याकडून आलेल्या एसटीचा कंडक्टर गॅरेजपुढे उतरला. बाबांच्या ओळखीचा होता. त्यानं सांगितलं की बाईंची लाल गाडी राजूर घाटाच्या वर, वळणावर, रस्त्याच्या खाली उतरून बाभळीला लागलेली आहे. बाई शुद्धीवर होत्या, त्यांना एका जीपमधून बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं. हाताला लागलंय बहुतेक. त्यानं हे सांगितलं तेव्हा माझ्या हातात कुठलासा पाना होता. मी तो त्याच्या जागेवर नीट टांगून ठेवला. एवढं आठवतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते पायात चपला सरकवत मायला म्हणाले की आम्ही जाऊन येतो.

ओळखीच्या ट्रकनं आम्ही गेलो. घाट चढताना खाली दरी दिसत होती, आणि मी एकच विचार करत होते, की हे घाटात झालं नाही, वर आल्यावर झालं. त्या विचारानं मला बरं वाटत होतं आणि बरं वाटण्याची लाजही वाटत होती. गाडी तिरपी उभी होती. उजवं चाक सरळ, आणि डावं चाक मोडलेल्या पंखासारखं आडवं होऊन मडगार्डखाली दुमडलेलं. कुणाला काही तपासायची गरजच नव्हती. खालचा सांधा उघडा पडला होता. गोटी वाटीतून बाहेर आलेली, आणि वाटीची कड एका बाजूनं कागदासारखी पातळ झालेली, नव्या ग्रीसमध्ये चमकत होती. ते ग्रीस मी भरलेलं होतं. रस्त्यावर पाच-सहा माणसं जमली होती. एकानं विचारलं, कोणत्या मेस्त्रीनं पाहिली होती गाडी? बाबा चाकाजवळ बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "म्या."

मला वाटलं, लोकांना टाळायला म्हणाले. नंतर घरी बोलू. मी गप्प राहिले. गप्प राहणं किती सोपं असतं हे मला तिथं पहिल्यांदा कळलं. काहीच करावं लागत नाही.

दवाखान्यात बाई पलंगावर टेकून बसल्या होत्या. कपाळाला टाके आणि उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लॅस्टरमध्ये. मनगटाची हाडं तीन जागी तुटली होती. स्टिअरिंगनं उलटा झटका दिला होता. बाईंचा उजवा हात. मी दाराशीच थांबले. बाबा पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती.

"बाई, गलती माही हाये," ते म्हणाले. "जॅक म्या भलत्या जागी लावला. पोरीनं सांगतलं होतं, आर्माखाली लावा म्हणून. म्या ऐकलं नाही तिचं."

बाबा खोटं बोललेले मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. आणि ते इतकं नीट बोलले, एक एक गोष्ट उलटी करून, माझं पाप स्वतःकडे आणि स्वतःचं शहाणपण माझ्याकडे. जणू सबंध ट्रकच्या प्रवासात त्यांनी तेवढंच जुळवलं होतं. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ. त्या खोलीत एक वाक्य बोलायला पुरेशी जागा होती. मी माझ्या पायांच्या बोटांकडे पाहत राहिले. घरी माझ्या बॅगेत ते पत्र होतं, आणि मला त्या क्षणी ते पत्र आठवत होतं, हे मी आज लपवणार नाही. शेवटी बाई "बरं" म्हणाल्या. बाबांना बसायला सांगितलं. बाबा बसले नाहीत.

परत येताना ट्रकच्या केबिनमध्ये मी म्हणाले, बाबा, तुम्ही असं का सांगितलं? ते म्हणाले, "तुले जायचं हाये पुण्याले." मी म्हणाले, पण बाबा. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहून बोट ओठांवर ठेवलं. आणि मी ते बोट ऐकलं. किती आज्ञाधारक झाले मी तेव्हा, दोन दिवसांपूर्वी जॅकच्या वेळी झाले नव्हते ती. घरी मायला बाबांनी तेच सांगितलं, की माझ्या हातून चूक झाली. मायनं सगळं ऐकून घेतलं. पत्र्याच्या दारातून तिला दोन दिवसांपूर्वीची सगळी बोलणी ऐकू गेलेली असणार. ती फक्त मला म्हणाली, "तुह्या बाबाचे हात चुकत नाही," आणि पीठ मळायला बसली. त्या संध्याकाळी तिनं मला वाढलं नाही. ताट करून झाकून ठेवलं आणि बाहेर जाऊन बसली.

पंधरा दिवसांनी मी पुण्याला गेले. पत्रानं काम केलं. बाईंचं मनगट जुळलं, पण वाकेना. पुढं त्यांनी दवाखाना चालवला, तपासायच्या, औषधं द्यायच्या, नर्सना शिकवायच्या. पण अडलेल्या बाईला हात घालणं, ऑपरेशन करणं, हे सगळं त्यांचं थांबलं. तशी वेळ आली की बायकांना बुलढाण्याला नाहीतर जळगावला न्यावं लागे. काही वेळेत पोचायच्या. सगळ्याच पोचल्या का, हे मी कधी कुणाला विचारलं नाही. आणि बाबांचं नाव गेलं. कुणी भांडायला आलं नाही, पण जीपवाले स्टिअरिंगच्या आणि चाकांच्या कामासाठी दुसरीकडे जायला लागले. डॉक्टरीणबाईची गाडी त्या मेस्त्रीनं मारली, असं बोललं जायचं. ड्रायव्हर लोक बाबांकडे पंक्चर आणायचे, ऑइल बदलायला आणायचे. ज्यासाठी ते खामगावपासून भुसावळपर्यंत माहीत होते, ते काम त्यांच्या हातून हळूहळू निघून गेलं. मी वर्षातून दोनदा घरी यायचे आणि दर वेळी ठरवून यायचे की या खेपेला बाईंकडे जायचं. मग माझं लग्न झालं, मुलगी झाली, कारखान्यात बढती मिळाली. न बोललेल्या गोष्टीवर दिवस चढत जातात तशी ती बोलायला जास्त जड होते. पहिल्या महिन्यात जे एका वाक्याचं काम होतं, त्याला दहा वर्षांनी सबंध माणूस लागतो.

बाबा गेले तेव्हा मी बत्तीस वर्षांची होते. छातीत कळ आली आणि तासाभरात गेले. मी पुण्याहून पोचेपर्यंत सगळं उरकत आलं होतं. तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंच्या दवाखान्यात गेले. त्या थकल्या होत्या. डाव्या हातानं लिहायला शिकल्या होत्या. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं. फ्रेमखाली जॅक कुणी लावला, आर्माखाली लाव म्हणून कुणी सांगितलं, गाडी ठेवून जा म्हणून कोण म्हणालं, दवाखान्यात बाबा कसं खोटं बोलले. मी रडत नव्हते. मला वाटत होतं, आता बाई रागावतील, आणि त्या रागावल्या की मला सुटल्यासारखं होईल.

बाईंनी पेनचं टोपण लावलं. डाव्या हातानं त्यांना ते जरा अवघड जायचं.

"शोभा, मी तिथंच बसले होते गं," त्या म्हणाल्या. "खुर्चीवर. तुमच्यापासून चार पावलांवर."

त्यांना ऐकू जावं म्हणूनच तर मी तेव्हा मोठ्यानं बोलले होते; तरी जॅक न् आर्म यातलं बाईंना काय कळलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. बारा वर्षं मी एका अशा गोष्टीला दाबून धरून बसले होते, जी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, स्वतःच्या कानांनी ऐकली होती. दवाखान्यात त्या माझ्याकडे इतका वेळ का पाहत होत्या, ते मला त्या स्टुलावर बसून कळलं. मी विचारलं की मग तुम्ही बोलला का नाहीत. त्या म्हणाल्या की एक बाप माझ्या पलंगाशी टोपी हातात घेऊन उभा होता, त्याला मी खोटं कसं पाडणार? आणि मला वाटलं, दोन-चार दिवसांत तू येशील. मग वाटलं, दिवाळीला येशील. मग त्या थांबल्या, आणि त्यांनी विचारलं,

"वडिलांना सांगितलंस का कधी हे?"

"त्यांना माहीतच होतं, बाई."

"ते नाही विचारलं मी."

बाहेर पेशंट होते. बाईंनी नर्सला पुढची बाई पाठवायला सांगितलं आणि मी उठले. त्यांनी मला माफ केलं का, हे मला माहीत नाही. त्यांनी तो शब्द काढला नाही आणि मागायची माझी हिंमत झाली नाही.

स्टेशनपासून घरापर्यंत चालत आले. माय गॅरेजात होती, बाबांचे पाने फडक्यानं पुसून एका गोणपाटावर मांडत होती. कुणाला तरी द्यायचे होते. मी तिच्यासमोर खाली बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जे तिला दारातून ऐकूनच माहीत होतं ते सगळं. मी कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं, ते उच्चारलं. मायनं मध्ये थांबवलं नाही. झाल्यावर तिनं हातातला पाना बाकीच्यांशेजारी ठेवला.

"तू आली का तुहे बाबा काम टाकून बसत तुह्यापाशी," ती म्हणाली. "मले म्हणत, च्या इथंच आण, पोरगी काही बोलन. दर खेपेस."

मला ते चहा आठवले. बाबा समोर लोखंडी खुर्चीवर, दोन्ही हातांत पेला, माझ्या तोंडाकडे पाहत. आणि मी बोलायचे. कारखान्याचं बोलायचे, कॅन्टीनचं, नव्या साहेबांचं, पुण्यात पाणी कसं एक दिवसाआड येतं त्याचं. अर्धा अर्धा तास बोलायचे. बाबा सगळं ऐकून घ्यायचे, पेला खाली ठेवायचे, आणि म्हणायचे, "बरं बेटा, अजून?"